हिरकणीचं दूध कुणी घेतलं?

रायगडाला जाणारे बहुतेक जण पाचाडला थांबतात ते चहापुरते. खरं तर इथे जिजाऊंचा वाडा आहे, समाधी आहे. राज्याभिषेक झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत, १७ जून १६७४ ला, त्या इथेच गेल्या. वाड्यातल्या एका विहिरीला 'तक्क्याची विहीर' म्हणतात. तिथल्या दगडी तक्क्याला टेकून आऊसाहेब येणाऱ्याजाणाऱ्यांची विचारपूस करत, असं सांगतात. 'विचारपूस' हा शब्द लक्षात ठेवा, तो शेवटी लागणार आहे.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता ऑफिसातले आम्ही पाच जण गेलो होतो. एकाचा गुडघा दुखत होता म्हणून हिरकणीवाडीतून रोपवे घेतला. खिडकीवर जो आकडा सांगितला तो मुकाट्याने भरला. वर एक बाई ताक विकत बसल्या होत्या, तीस रुपये ग्लास. मी लगेच म्हणालो, "मावशी, खाली पाचाडात वीसला मिळतं."

"खालचं ताक खाली राहिलं, दादा. हे मी डोक्यावरून आणलंय."

सगळे हसले, मीही हसलो. आणि तरीही पाच ग्लास घेतो म्हणून पंचवीसचा भाव पाडला. पैसे द्यायला मोबाइल काढला तर रेंज नाही. सुटे कुणाकडेच नव्हते. त्या म्हणाल्या, "फोटो काढून ठेवा त्या क्यूआरचा. खाली रेंज आली की पाठवा."

मग आम्ही हिरकणी बुरुजाकडे गेलो आणि कुणीतरी ती गोष्ट सांगायला घेतली. शाळेपासून ऐकलेली गोष्ट. पण तोंडाला ताकाची चव असताना ती पहिल्यांदाच वेगळी ऐकू आली.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. गडाखालच्या वाडीतली एक गवळण कोजागिरीला दूध घालायला वर आली. दूध घालता घालता सांज झाली, दरवाजे बंद झाले. घरी तान्हं मूल. पहारेकरी हुकमाचे ताबेदार, दार उघडेनात. ती काळोखात कडा उतरून गेली. महाराजांना कळलं, त्यांनी साडीचोळी देऊन तिचा सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधून घेतला. २०१९ च्या दिवाळीत प्रसाद ओक दिग्दर्शित 'हिरकणी' आला. सोनाली कुलकर्णीने ती भूमिका केली, लेखन चिन्मय मांडलेकरचं. मी तो थिएटरात पाहिला होता. परत आल्यावर पुन्हा पाहिला, यावेळी एकच प्रश्न घेऊन: हिचं दूध घेतलं कुणी?

चित्रपटाचं श्रेय आधी देतो. पाठ्यपुस्तकात अर्ध्या वाक्यात उरकलेला कडा इथे अंगावर येतो. सोनालीने ती भीती आणि दमणूक चेहऱ्यापेक्षा अंगाने जास्त दाखवली आहे. पण चित्रपटाचा सगळा ओढा कड्याकडे आणि आईपणाकडे आहे. आपल्याला जागा मिळते ती श्वास रोखून वर बघणाऱ्याची. ज्यांच्या चरवीत ते दूध पडलं त्यांच्या जागी उभं राहायला आपल्याला कुणी सांगत नाही. हा दोष एकट्या चित्रपटाचा नाही. आपण पिढ्यान्‌पिढ्या ही गोष्ट अशीच सांगत आलो आहोत. गोष्टीत आई आहे, बाळ आहे, पहारेकरी आहे, राजा आहे. गिऱ्हाईक मात्र कुठेच नाही.

आणि गिऱ्हाईक असणारच. दूध वर आलं म्हणजे कुणीतरी घेणारं होतं. कुणी म्हणालं असेल, जरा थांब, भांडं घेऊन येते. कुणी मापावरून वाद घातला असेल. यातली एकही ओळ गोष्टीत नाही, पण सांज अशीच होते. कुणी दुष्ट असायची गरज नसते. दहा घरांनी पाच-पाच मिनिटं घेतली की झालं.

इंजिनिअर असल्यामुळे मला त्या बुरुजाची दुसरीही बाजू दिसते. ती उतरली म्हणजे गडाच्या संरक्षणात एक भोक होतं. तिने ते नकळत दाखवून दिलं आणि ते बुजवलं गेलं. आमच्या भाषेत बग सापडला, फिक्स झाला. राजधानीच्या गडाला ते करावंच लागणार, त्यात महाराजांचं काही चुकलं नाही. पण हिशेब असा झाला, की पुढच्या कोजागिरीला जिला उशीर होईल तिला आता कडाही उरला नाही. दरवाजा उशिरा बंद करता येत नव्हता, हे मान्य. पण दूध लवकर मोजून घेता आलं असतं. ते ज्यांच्या हातात होतं त्यांनाच गोष्टीने बाहेर ठेवलं.

हे मला झोंबलं, कारण घरपोच सामानाच्या एका अ‍ॅपच्या टीममध्ये मी दीड वर्ष काढलं आहे. तुम्ही ऑर्डर दिल्यावर नकाशावर जी छोटीशी दुचाकी सरकते, तिच्याखालच्या 'इतक्या मिनिटांत' वर मी काम केलं. ग्राहकाची घालमेल कमी व्हावी म्हणून आम्ही त्या दुचाकीचं सरकणं किती गुळगुळीत केलं होतं! सामान दारात पोचलं की दुचाकी स्क्रीनवरून नाहीशी होते. ती डोंबिवलीला परत जायची आहे की दिव्याला, तिची शेवटची लोकल कितीची, यासाठी आमच्या डेटाबेसमध्ये रकानाच नव्हता. दूध पोचलं, गवळण स्क्रीनवरून गेली. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने देशात २०२०-२१ साली असे ७७ लाख गिग कामगार असल्याचा अंदाज दिला आहे. रोज संध्याकाळी इतक्या लोकांसाठी कुठला ना कुठला दरवाजा बंद होत असतो.

यावर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे गोड बोला. हरकत नाही, बोलावंच. मराठीत 'प्लीज' क्रियापदातच असतं. 'पाणी आण' आणि 'पाणी द्या ना' यांच्यातलं अंतर कुठल्याही थँक्यूपेक्षा मोठं आहे. पन्नाशीच्या वेटरला विशीतली पोरं 'ए, इकडे ये' म्हणतात तेव्हा त्यांची अख्खी घडण त्या 'ये'मध्ये ऐकू येते. पण नातं लावलं म्हणजे झालं, असंही नाही. मी 'मावशी' म्हणूनच पाच रुपये तोडले होते. सख्ख्या मावशीने डोक्यावरून ताक आणलं असतं तर मी भाव केला असता का? आपल्या तोंडात मावशी, काका, दादा पुष्कळदा डिस्काउंट कूपनसारखे येतात. रोपवेच्या खिडकीला मात्र कुणी मावशी म्हणत नाही आणि तिथे घासाघीसही करत नाही. यंत्राने वर नेलेल्याचा दर आपल्याला पटतो, माणसाने वर नेलेल्याचा पटत नाही.

गंमत म्हणजे याचं जास्त नेमकं शहाणपण शिवकाळातच लिहून ठेवलेलं आहे. चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना महाराजांनी पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठाला हात लावू नका, असं ज्याचं सार आपण सांगतो, तेच. त्यात गोड बोला असं काही नाही. दाणा, गवत, लाकूडफाटा, भाजी लागली तर बाजारात जा, विकायला येईल ते रीतसर दाम देऊन घ्या, कुणावर जबरदस्ती करू नका, भांडण काढू नका, असं आहे. कारणही रोखठोक दिलं आहे: असं वागलात तर यांच्यापेक्षा मोगल बरे, असं लोकांना वाटेल. ज्याच्या हातात तलवार आहे त्याने भाजीवालीसमोर कसं उभं राहावं, याचा हा नियम आहे. आपल्या हातात तलवार नाही, पण पाच तारे आहेत.

गडावरच्या बाजारपेठेत गाईड सांगतात, की जोती इतकी उंच, कारण घोडेस्वार खाली न उतरता खरेदी करत. अभ्यासकांमध्ये यावर वाद आहेत. मला मात्र त्या कथेतली एक गोष्ट आवडते. स्वाराला उतरवता येत नसेल तर दुकानदाराला वर घ्या, म्हणजे दोघांची नजर एका पातळीत येते. आम्ही ताक घेतलं तेव्हा त्या बाई खाली बसलेल्या होत्या आणि आम्ही पाच जण उभे होतो.

हिरकणीचं नाव आज बुरुजाला आहे, वाडीला आहे, एसटीच्या निमआराम गाडीला आहे, स्टँडवरच्या स्तनपानाच्या खोलीला आहे. तिला उशीर करणाऱ्या एकाचंही नाव उरलं नाही. पुन्हा कुणी ही गोष्ट पडद्यावर आणली तर मला त्यात एकच प्रसंग हवा आहे: दूध मोजून घेताना कुणीतरी विचारतं, "बाई, घरी कोण आहे? पोचाल ना उजेडात?" एवढीच विचारपूस. तेवढी झाली असती तर कदाचित गोष्टच घडली नसती, आणि ते बरंच झालं असतं.

ताकाचे पैसे पाचाडला पाठवायचे राहिले. महाडला चहाला थांबलो तेव्हा आठवलं. अंधार पडला होता. फोटोतला क्यूआर स्कॅन केला आणि स्क्रीनवर त्यांचं नाव आलं, आडनावासकट. दिवसभर त्या मावशी होत्या. मी दीडशे पाठवले. त्या खाली पोचल्या का, हे मात्र पैसे पाठवून कळण्यासारखं नव्हतं. ते वरच विचारायला हवं होतं.