मोकळ्या सांध्यांची चाल

ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत डावणी रोगाच्या धाकाने ट्रॅक्टर ओल्या काळ्या मातीत उतरतात. मागे औषधाने भरलेला ब्लोअर, खाली खोल चाकोऱ्या, मधेच दगड. या चालीत डोळे भरून पाहावं असं पुष्कळ आहे, आणि ते सगळं सांध्यांत आहे.

ट्रॅक्टरचा पुढचा आस पाहा. तो धडाला घट्ट आवळलेला नसतो. मधोमध सेंटर पिनवर टेकून तराजूच्या दांडीसारखा झुलतो. मागची दोन चाकं आणि ही पिन, एवढेच तीन टेकू. तीन टेकूंवरचं काहीच डुगडुगत नाही, म्हणून चारही चाकं जमीन धरून राहतात. पुढचं एक चाक २० सेंटिमीटर उंच दगडावर चढलं, तर पिन १० सेंटिमीटरच वर जाते. स्प्रिंग नाही, निव्वळ भूमिती! ऑगस्ट २०२३मध्ये चंद्रावर उतरलेल्या प्रज्ञान रोव्हरची सहा चाकंही याच विचाराने जोडलेली होती: दोन्ही बाजूंचे झुलते दांडे आणि त्यांच्या कलाची सरासरी घेणारं धड.

मला मात्र खरी भुरळ पडते ती ब्लोअर ओढणाऱ्या हूकची. ओळ संपली, टोकाला वेलींचा मांडव धरणाऱ्या शेवटच्या अँगलला वळसा घालायचा आहे. समजा, मागच्या आसाचा मध्य ३ मीटर त्रिज्येने वळतोय आणि हूकपासून ब्लोअरची चाकं २ मीटरवर आहेत. हूक नेमकी आसाखाली असती तर वर्गांची वजाबाकी ९ वजा ४ म्हणजे ५, आणि त्याचं वर्गमूळ. ब्लोअर सव्वादोन मीटरच्या त्रिज्येवर आला. पाऊण मीटर आत, जिथे अँगल आणि शेवटचा वेल उभा आहे! हूक आसाच्या ७० सेंटिमीटर मागे असेल, तर त्या अंतराचा वर्ग बेरजेत येतो आणि ब्लोअर १० सेंटिमीटर बाहेर सरकतो. दोन्ही अंतरं सारखी झाली, तर वळण स्थिरावल्यावर तो ट्रॅक्टरच्याच चाकोरीतून चालतो. त्याआधी मात्र आसामागची हूक वळणाच्या सुरुवातीला उलट बाजूला, बाहेर झुकते. आत यायच्या आधीचं हे बाहेर जाणं मला या सगळ्या रचनेतली सर्वांत देखणी जागा वाटते.

त्याच हूकवरून ट्रॅक्टरची ताकद ब्लोअरला देणारा पीटीओ शाफ्ट फिरत जातो, दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजे वाकूनही फिरणारे सांधे. ३० अंशांच्या वाकणात एकटा क्रॉस मिनिटाला ५४० फेऱ्यांचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा ४६८ ते ६२४ असा हेलकावतो. दुसरा क्रॉस तो हेलकावा पुसतो, पण दोन्हीकडचे कोन सारखे असतील तरच. त्यासाठी हूकची पिन दोन्ही क्रॉसच्या बरोबर मध्यावर हवी. हूक मागे न्यावी तर चाकोरी जुळते आणि शाफ्टचा मध्य चुकतो. म्हणून जाणता चालक ओळीच्या टोकाला आधी पीटीओ बंद करतो, मग स्टिअरिंग फिरवतो.