आशीर्वादातला उपरोध

भविष्यातला अनर्थ रंगविणाऱ्या कथेत उपहास पुष्कळांना साधतो, उपरोध थोड्यांना. उपहास दुसऱ्याकडे बोट दाखवितो आणि वाचक खुशाल हसतो. उपरोध वाचकाच्याच तोंडचे शब्द उचलतो, ते खरे करून दाखवितो, आणि हसू ओठांवरच थांबते.

जोनाथन स्विफ्टने १७२९ साली गरिबांची मुले खाण्यासाठी विकावीत, अशी योजना एका हिशेबी गृहस्थाच्या शांत आवाजात मांडली. त्या आवाजात संताप नाही, म्हणूनच तो भयंकर वाटतो. मराठीत या जातीची कथा शोधू लागले की जयंत नारळीकरांची ‘पुत्रवती’ आठवते. ‘यक्षांची देणगी’ या १९७९ च्या संग्रहातली ही कथा. मुलगा हवा की मुलगी, हे ठरविणे विज्ञानाने आईबापांच्या हाती दिले तर? घरोघर मुलगे येतात आणि समाजात मुलींचा दुष्काळ पडतो.

या अनर्थाला जुलमी राजा लागत नाही. आमच्या भंडाऱ्याकडे काय, कोकणात काय, नवी सून पाया पडली की वडीलधाऱ्यांच्या तोंडून ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ निघते, आणि ते प्रेमानेच निघते. कथेच्या नावात तोच आशीर्वाद आहे. लेखकाने तो फक्त फळाला आणला. त्यांच्याच ‘धूमकेतू’त विज्ञान संकट टाळण्याच्या खटपटीत असता इकडे यज्ञ चालतो. तेथे आपण यज्ञ करणाऱ्याला हसतो, स्वतःला नव्हे. दोन कथांतला फरक हाच.

नारळीकर कधी कधी शिकवू लागतात, आणि उपरोधाला स्पष्टीकरण मानवत नाही, हे खरे. पण ‘पुत्रवती’चे मर्म काळाने अधिक तीक्ष्ण केले. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राला १९८८ साली करावा लागला, देशाला १९९४ साली. तरीही २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली ८९४ च निघाल्या. त्या घरांतही बहुधा कोणी कोणाचे वाईट चिंतिले नव्हते.

भाऊबीजेला पाटावर बसण्याआधी ही कथा घरात मोठ्याने वाचावी. आजीलाही ऐकू द्यावी. ती रागावायची नाही. मात्र पुढच्या नमस्काराला काय म्हणावे, याचा क्षणभर विचार करील.