बरे वाटले, पण कशाने?

रेकी घेतल्यावर बरे वाटले असे सांगणारा माणूस बहुधा खोटे बोलत नसतो. तेव्हा त्याची टिंगल करण्यात अर्थ नाही. बरे कशाने वाटले, हा खरा प्रश्न. जपानमध्ये १९२२ साली मिकाओ उसुई यांनी सुरू केलेल्या या पद्धतीत उपचारक रुग्णाच्या अंगावर किंवा अंगापासून थोडे दूर तळहात धरतो आणि त्यांतून 'जीवनशक्ती' वाहते असे मानतो. ही शक्ती आजवर कोणत्याही उपकरणावर दिसलेली नाही. पण तो मुद्दा घटकाभर बाजूला ठेवू. परिणाम होत असेल, तर तो मोजता आला पाहिजे.

रेकी घेतलेला गट आणि काहीच न घेतलेला गट अशी तुलना पुष्कळ शोधनिबंधांत असते. तिच्यात पहिल्या गटाला विश्रांती, शांत जागा आणि एका माणसाचे संपूर्ण लक्षही मिळालेले असते. एका कुंडीला खत आणि ऊन दोन्ही जास्त दिले, तर रोप कशाने वाढले हे आठवीतला विद्यार्थीही सांगू शकणार नाही. तोच हा घोटाळा.

यावर उपाय म्हणजे नकली रेकी. २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सर्वांगाचे स्नायू सतत दुखणाऱ्या (फायब्रोमायाल्जियाच्या) १०० रुग्णांपैकी काहींना रेकीतज्ज्ञांनी, तर काहींना चक्क नटांनी उपचार दिले. आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे. रेकीचा वेदनेवर काहीही परिणाम आढळला नाही.

२०११ सालचा निबंध मला अधिक मोलाचा वाटतो. केमोथेरपी घेणाऱ्या १८९ जणांचे तीन गट केले: रेकी, नकली रेकी आणि नेहमीची शुश्रूषा. रेकीने रुग्णांना लक्षणीय आराम वाटला. एवढेच वाक्य उचलले तर रेकी सिद्धच झाली! पण नकली रेकीनेही तसाच आराम वाटला होता. परिचारिका एकेका रुग्णाजवळ थांबते, त्याचाच हा परिणाम असावा, असा निष्कर्ष संशोधकांनी प्रांजळपणे काढला. ती किती वेळ थांबावी, आराम किती दिवस टिकतो, हे तपासण्याजोगे प्रश्न यातूनच निघतात.

त्याऐवजी २०१९ साली काय छापून आले? रेकीच्या १,४११ बैठका, प्रत्येक बैठकीच्या आधी आणि नंतर भरून घेतलेल्या प्रश्नावल्या, आणि नियंत्रण गट एकही नाही.