निकालपत्रावरही समीक्षा लिहा

आपण कथाकवितांवर तावातावाने भांडतो. सुप्रीम कोर्टाची निकालपत्रं मात्र कुणी वाचत नाही. 15 सप्टेंबर 1978 चं वाचा.

26 मार्च 1972 ची रात्र. देसाईगंजची पोलीस चौकी. आदिवासी पोरगी, आरोपी दोन पोलीस. 1974 साली सेशन कोर्टाने दोघांना सोडलं. 1976 साली हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने ते फिरवलं. भीतीपोटी निमूट राहणं म्हणजे संमती नव्हे, म्हणाले. एकाला पाच वर्षं, दुसऱ्याला एक.

मग दिल्लीत अपील. अपिलात माणूस बोलत नाही, कागद बोलतो. कागदात काय शोधलं? अंगावर जखमेची खूण. ती नाही, म्हणजे झटापट नाही. झटापट नाही, म्हणजे राजीखुशी! दोघेही सुटले.

आता सांगा, या लेखनात चौकी कुठाय? रात्र, खाकी वर्दी, बाहेर ताटकळलेले नातेवाईक, यांना वजनच नाही. पाटलापुढं मान खाली घालून उभा राहिलेला आपला बाप काय राजीखुशीने उभा होता?

1979 साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, लतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. बाया रस्त्यावर आल्या. 1983 साली कायदा बदलला. कोठडीतला संबंध सिद्ध झाला आणि बाई 'माझी संमती नव्हती' म्हणाली, तर कोर्टाने तसंच धरून चालायचं.

त्या पोरीच्या पदरात यातलं काही पडलं नाही. पण निकालपत्र वाचून कुणी बोललं, म्हणून पुढचीला आधार झाला. तेव्हा वाचा आणि लिहा. शेवटचं कोर्ट म्हणजे शेवटचा वाचक नव्हे.