कवितेतली आई आणि अर्जातली बाई

दलित साहित्यात आई किती वेळा आली हे मोजायला कुणी बसले तर त्याचे आयुष्य पुरणार नाही. कवितेत ती आहे, आत्मकथनात आहे. जयंतीच्या स्मरणिकेत नवोदिताची पहिली कविता असेल तर तिथे ती असतेच असते. नवरा मेलेला, पळालेला किंवा असून नसल्यासारखा, आणि ही बाई पोरांना घेऊन एकटी राबते आहे. आपल्या समीक्षेने या बाईची मूर्ती घडवली, तिला त्याग हे नाव दिले आणि हात जोडले. मूर्ती मजुरी मागत नाही, अर्जही करीत नाही. माझी तक्रार याविषयी आहे. पण आधी माझा स्वतःचा गुन्हा कबूल करतो.

विशीत असताना मीही आईवर कविता लिहिली. वडील सोडून गेल्यावर नालासोपाऱ्याच्या चाळीतून पहाटेची लोकल पकडून बोरिवलीला धुणीभांडी करायला जाणारी आई. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात ती वाचली. टाळ्या पडल्या. त्या कवितेत मी आईला 'निराधार' म्हटले होते.

त्याच्या आधी काही वर्षे आईने संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज केला होता. एका कचेरीतल्या कारकुनाने तिला विचारले, नवऱ्याने टाकल्याचा पुरावा काय? आई म्हणाली, 'मला कोन टाकनार? त्योच पळून गेला.' अर्ज तिथेच अडला. हे सगळे मला ठाऊक होते, तरी माझ्या कवितेत ना अर्ज आला, ना कारकून, ना हे उत्तर. घराण्यातला मी पहिला पदवीधर, आज महाविद्यालयात मराठी शिकवतो. पण त्या उत्तराच्या तोडीची एक ओळ अजून मला लिहिता आलेली नाही.

ही योजना १९८० सालची. तिच्यात विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता असे बायकांचे वर्ग आहेत. तीनही शब्द नसलेल्या पुरुषावरून बनलेले आहेत. ज्या घराचा सगळा भार जिच्यावर, तिलाच सरकार निराधार म्हणते. आणि विद्रोहाची भाषा बोलणारे आम्ही कवीही तोच शब्द बिनदिक्कत उचलतो. प्रस्थापित भाषेला नकार देण्याच्या गोष्टी आपण पन्नास वर्षे करीत आलो. मग या शब्दाला नकार कुणी द्यायचा?

शब्दांच्या मागे आकडे आहेत. या योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे २१ हजार रुपये राहिली. म्हणजे महिन्याला साडेसतराशे. विरार-वसईत तीन-चार घरची कामे करणारी कुठलीही बाई यापेक्षा जास्त कमावते, नाहीतर पोरे जगणारच नाहीत. तिने आपली कमाई खरी सांगितली तर ती अपात्र. पात्र व्हायचे तर 'मी काही करीत नाही' असे लिहून द्यायचे. वालीवच्या गाळ्यात दिवसभर उभ्याने पॅकिंग करणाऱ्या बाईला कागदावर आपले काम पुसावे लागते. शिवाय महाराष्ट्रात पंधरा वर्षे राहिल्याचा पुरावा हवा. अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर खोल्या बदलणाऱ्या बाईने तो कुठल्या घराच्या नावाने आणायचा?

२०२३ साली या योजनेचे अनुदान १५०० रुपये झाले. २०२४ साली 'लाडकी बहीण' आली, तिचेही १५०० रुपये. पण तिथे उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. रक्कम तीच, दारे मात्र दोन. 'निराधार' म्हणून आलेल्या बाईची झडती, 'बहीण' म्हणून आलेलीचे स्वागत. अर्थात हे स्वागतही फार टिकले नाही. २०२५ साली पडताळणी निघाली तेव्हा नवऱ्याचा किंवा बापाचा आधार क्रमांक मागितला गेला. ज्यांना दोघेही नव्हते त्या अडकल्या, आणि ओरड झाल्यावर त्यांच्यासाठी वेगळी कागदपत्रे घेण्याची सोय करावी लागली. निराधार बाईकडे पुरुषाचे आधार कार्ड मागायचे, हा विनोद आमच्या एकाही विनोदी लेखकाला सुचला नसता.

आता आपल्या पुस्तकांकडे वळतो. उर्मिला पवारांचे 'आयदान' (२००३) आपण आईच्या कष्टांचे पुस्तक म्हणून शिकवतो. पण शिक्षक नवरा गेल्यावर ती बाई बांबूची आयदाने विणून विकते आणि त्यावर पोरांचे शिक्षण चालते. पुस्तकाचे नावही तिच्या त्या कामावरून आले आहे, तिच्या अश्रूंवरून नव्हे. शांताबाई कांबळे यांच्या 'माज्या जल्माची चित्तरकथा'तली नाजा नवऱ्याने दुसरी बायको केल्यावर माहेरी येते आणि पुढे शाळेत शिक्षिका होते. तिच्या नोकरीला आपण 'जिद्द' म्हणून मोकळे होतो. बाईच्या हातात पगार येणे म्हणजे काय, या अंगाने ती नोकरी वाचीत नाही.

'अक्करमाशी'विषयी मात्र मला जपून बोलावे लागेल, कारण त्या पुस्तकानेच मला लिहिते केले. १९८४ सालच्या त्या पुस्तकात शाळेत बापाचे नाव कोणते लावायचे, हा प्रश्न जिव्हारी लागतो. आपण सगळ्यांनी तो मुलाचा प्रश्न म्हणून वाचला. मसामाईचे काय? त्या रजिस्टरात तिच्या नावाला जागाच नव्हती, याची चर्चा आपल्या समीक्षेत मला फारशी आढळली नाही. सरकारी कागदपत्रांत वडिलांच्या आधी आईचे नाव लावणे महाराष्ट्रात बंधनकारक झाले ते १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी. 'अक्करमाशी'नंतर चाळीस वर्षांनी. तरीही अनुसूचित जातीचा दाखला काढायला गेले की १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो आणि तो बापाकडच्या नात्यातला मागतात. माझ्या वर्गातल्या एका मुलीची शिष्यवृत्ती त्यावरच अडली. ज्या बापाने तोंड दाखवले नाही, त्याच्या भावाच्या पाया पडून तिची आई शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आली.

कुणी म्हणेल, हे समाजशास्त्र झाले, यात साहित्याची समीक्षा कुठे आहे? पण मुंबई विधिमंडळात १९२८ साली बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणातील लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला, तेव्हा त्यांनी दयेची भाषा वापरली नव्हती. हा राष्ट्राच्या हिताचा प्रश्न आहे आणि खर्चाचा वाटा सरकारनेही उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. १९८८ साली संगमनेरला परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरली, तिथेही बायका हक्क मागायलाच जमल्या होत्या. भाषेतला हा फरक ओळखणे समीक्षकाचे काम नाही तर कुणाचे?

यंदा वर्गात 'आयदान'सोबत मी त्या योजनेचा अर्जही वाचायला दिला. 'व्यवसाय' या रकान्यापाशी आम्ही तासभर थांबलो. मुलींना रकाने ठाऊक होते, आईसाठी त्यांनी ते आधीच भरले होते. एकीने सांगितले, आईने तिथे 'घरकाम' लिहायला लावले होते. खिडकीवरच्या बाईंनी ते खोडून 'काही नाही' लिहायला सांगितले. आईने सही केली नाही. दुसऱ्या अर्जाचे पैसे देऊन ती घरी आली. तो कोरा अर्ज अजून घरात आहे.