भाग हरवलेल्या मालिका

'डेअरडेव्हिल: बॉर्न अगेन'चा पाचवा भाग मार्च २०२५मध्ये आला आणि अनेक चाहत्यांनी तो एका शब्दात निकाली काढला: फिलर. आपल्याकडे याला मालिकेत पाणी घालणं म्हणतात. गोष्ट एवढीशी. आंधळा वकील मॅट मर्डॉक फर्मसाठी कर्ज मागायला बँकेत जातो, युसूफ खान नावाचे सहायक मॅनेजर गोड शब्दांत नकार देतात आणि तेवढ्यात दरोडेखोर शिरतात. मॅटचा डेअरडेव्हिलचा पोशाख नाही, ब्रह्मांडावर संकट नाही. सीझनच्या नऊ भागांपैकी मी पुन्हा पाहिला तो हा एकच. त्यालाच पाणी म्हटल्यावर मात्र माझं डोकं फिरलं.

सुपरहिरोंच्या मालिका साचेबद्ध झाल्या, ही ओरड खोटी नाही. 'वांडाव्हिजन' (२०२१) अमेरिकन सिटकॉमची एकेक दशकं अंगावर चढवत गेली आणि अखेर दोन चेटकिणी आभाळात रंगीत गोळे फेकत बसल्या. 'मून नाइट'मध्ये एका दुभंगलेल्या माणसाचं मन उलगडता उलगडता पिरॅमिडपाशी दोन महाकाय देवांची कुस्ती लागली. 'शी-हल्क'ने शेवटच्या भागात या साच्याचीच टर उडवली. पण स्वतःवर हसून कुणी सुटत नसतं. 'द बॉईज'बद्दल एवढंच: रक्त आणि शिव्या वाढवल्याने साचा मोडत नाही, बरबटतो.

आता 'द पेंग्विन' (२०२४) आठवा. बॅटमॅनच्या गॉथममध्ये घडणाऱ्या आठ भागांत बॅटमॅन एकदाही येत नाही. शेवटी आभाळात त्याचा दिवा तेवढा लागतो. आणि चौथा भाग! कॉलिन फॅरेलचा ऑझ, म्हणजे ज्याच्या नावाने मालिका आहे तोच, जवळजवळ बाजूला ठेवून सगळा वेळ सोफिया फाल्कोनला दिलाय. बापाने केलेले खून मुलीच्या माथी मारले जातात, दहा वर्षं ती अर्कमच्या मनोरुग्णालयात सडते आणि बाहेर आल्यावर झोपलेल्या खानदानाला विषारी वायूने संपवते. सोफिया साकारणाऱ्या क्रिस्टिन मिलिओटीला एमी मिळालं यात नवल नाही. तिच्या चेहऱ्यावरचं शहाणपण आणि वेड वेगळं काढता येत नाही. पण मला जास्त अप्रूप आहे ते बांधणीचं. हा भाग सुटा काढून दाखवला तरी उभा राहील. 'वॉचमेन'चा (२०१९) सहावा, बहुतांश कृष्णधवल भागही तसाच. २०१५च्या 'डेअरडेव्हिल'चा दुसरा भागही: पळवलेल्या पोरासाठी बोळकांडीतली ती मारामारी, दम लागून भिंतीला टेकणारा नायक.

असं सुटं उभं राहणं कॉमिक्सच्या रक्तातलंच आहे. महिन्याला वीस-बावीस पानांचा अंक निघायचा. वाचकाला त्या अंकात काहीतरी पुरतं मिळायलाच हवं होतं. मूर आणि गिबन्स यांच्या मूळ 'वॉचमेन' कॉमिकच्या बारा अंकांतला पाचवा पाहा: पुढून आणि मागून पानं जुळवत गेलात तर चौकटींची रचना आरशासारखी सामोरी येते. तिथे अंक हाच कलेचा घटक होता. मालिका बनवणाऱ्यांनी कॉमिक्समधून पोशाख घेतले, खलनायक घेतले, अंक तेवढा फेकून दिला. 'आमची मालिका म्हणजे सहा तासांचा सिनेमा' असं अभिमानाने सांगितलं जाऊ लागलं. सहा तासांचा सिनेमा पाहायचाय कुणाला? त्याचे सहा तुकडे केले की पाच तुकड्यांत मागील पानावरून पुढे चालू आणि सहाव्यात आतषबाजी, हेच हाती येणार. 'आयर्नहार्ट'ने (२०२५) तर कळस केला. अखेरच्या भागात मेफिस्टो नावाचा सैतान आणून बसवला, म्हणजे पुढच्या कुठल्यातरी मालिकेची बयाणा-पावती फाडली.

'बॉर्न अगेन'चा मूळ बेत अठरा भागांचा, वकिलीच्या खटल्यांभोवती फिरणारा होता. २०२३च्या हॉलिवूडमधल्या संपात काम थांबलं, लेखक बदलले आणि डारिओ स्कार्डापेन यांच्या हाती सूत्रं देऊन नवा आरंभ-शेवट जोडला गेला. बँकेचा भाग त्या जुन्या बेतातून वाचलेला. नव्या शेवटात काय संपलं, सांगा बरं? मेयर झालेला खलनायक फिस्क न्यूयॉर्कमध्ये मार्शल लॉ पुकारतो, मॅट माणसं जमवायला लागतो, उरलेलं पुढच्या सीझनला. याला कुणी फिलर म्हणत नाही! नऊ भाग बसवून ठेवलेल्या माणसाला रिकाम्या हाताने घरी पाठवणं हे पाणी नाही, तर काय?

बँकेत निदान दरोडा फसतो, ओलीस सुखरूप सुटतात, गोष्ट पुरी होते. सहावा भाग त्याच दिवशी आला होता. तो आपोआप सुरू व्हायच्या आत मी रिमोट शोधला.