‘रेनोव्ह. १९९९’ : रीगा येथील ब्लॅकहेड्स भवनाच्या पुनर्निर्मितीची चिकित्सा

बीजसंज्ञा : पुनर्निर्मिती, अस्सलता, व्यापारी श्रेणी, नागरी स्मृती

लाटव्हियाची राजधानी रीगा. तेथील जुन्या शहरात नगरभवन चौकात ‘ब्लॅकहेड्स भवन’ ही पर्यटकांची सर्वाधिक आवडती इमारत उभी आहे. लाल विटांची दर्शनी भिंत, पायऱ्यापायऱ्यांनी निमुळता होत जाणारा माथा, सोनेरी कलाकुसर, खगोलीय घड्याळ आणि पुतळे अशी तिची मांडणी आहे. या भिंतीवर दोन सनांचा लॅटिन लेख आहे : ‘आन्नो १३३४, रेनोव्ह. आन्नो १९९९’. म्हणजे इमारत १३३४ ची आणि तिचे नूतनीकरण १९९९ चे. प्रस्तुत लेखकाने या वास्तूस भेट दिली तेव्हा सर्वांत अधिक काळ या एका ओळीपुढेच घालविला, आणि प्रस्तुत लेखाचा विषयही मुख्यतः ती ओळ हाच आहे.

नूतनीकरण होण्यासाठी मूळ वस्तू अस्तित्वात असावी लागते. ती येथे नव्हती. जून १९४१ मध्ये जर्मन सैन्य रीगात शिरत असताना झालेल्या माऱ्यात हे भवन जळून उद्ध्वस्त झाले. उरलेले भग्नावशेष सोव्हिएत राजवटीने १९४८ मध्ये जमीनदोस्त केले. त्यानंतर जवळजवळ अर्धशतक या जागी भवन नव्हते. लाटव्हियाने १९९१ मध्ये स्वातंत्र्य परत मिळविल्यानंतर जागेचे उत्खनन झाले आणि १९९५ ते १९९९ या काळात आज दिसणारी वास्तू उभारण्यात आली. २००१ मध्ये रीगा शहराला ८०० वर्षे पूर्ण होणार होती, हे तिच्या घाईचे एक कारण. ‘रेनोव्ह.’ या एका संक्षिप्त शब्दाने हा सर्व मधला काळ गिळून टाकला आहे.

१३३४ हा सनही तितकासा सरळ नाही. त्या वर्षी येथील भवनाचा उल्लेख प्रथम आढळतो, हे खरे. परंतु आज जे रूप डोळ्यांत भरते ते मुख्यतः सतराव्या शतकाच्या आरंभीचे, नेदरलँड्सच्या वळणाचे आहे, आणि काही शिल्पे तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची भर आहेत. ‘मध्ययुगीन’ म्हणून जे पाहावयास यावे ते मध्ययुगाच्या बरेच नंतरचे, आणि तेही विसाव्या शतकाच्या अखेरीस नव्याने घडविलेले! खरे मध्ययुग पाहावयाचे तर तळघरात उतरावे लागते. तेथील जुन्या भिंती या स्थळी टिकून राहिलेला खरा पुरावा आहेत. वरच्या मजल्यावरील झुंबरांच्या समारंभ-दालनात रेंगाळणारे पाहुणे येथे मात्र लवकर पाय काढतात, असे प्रस्तुत लेखकाच्या नजरेस आले.

भवन कोणाचे होते, हा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. मूळ वास्तू रीगातील ‘मोठ्या श्रेणी’ची, म्हणजे जर्मन व्यापाऱ्यांच्या संघाची. पुढे ती ब्लॅकहेड्स बंधुमंडळाकडे आली. हे मंडळ अविवाहित व्यापाऱ्यांचे व परदेशी व्यावसायिकांचे. संत मॉरिस त्यांचे आश्रयदाते आणि त्या संताचे कृष्णवर्णी मस्तक हे त्यांचे चिन्ह. विवाह झाल्यावर सभासदाला मोठ्या श्रेणीचा मार्ग खुला होई. लाटव्हियन भाषक स्थानिकांना मात्र हा मार्ग बंद होता. ओझी वाहणाऱ्यांसारख्या त्यांच्या वेगळ्या संघटना होत्या. व्यापाराची मक्तेदारी जर्मनांकडे होती. (‘गिल्ड’साठी आपण ‘श्रेणी’ हा शब्द योजतो, परंतु नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखात ठेव स्वीकारणारी श्रेणी विणकरांची आहे. तेथे दोन हजार कार्षापणांवर दरमहा शेकडा एक दराने व्याज मिळे. रीगाच्या या श्रीमंत मंडळीसाठी तोच शब्द वापरताना थोडा संकोच वाटतो.) १९३९ मध्ये हिटलर-स्टालिन करारानंतर बाल्टिक जर्मनांचे स्थलांतर झाले, म्हणजे इमारत जळण्यापूर्वीच तिचे मालक शहर सोडून गेले होते. ज्यांच्या पूर्वजांना येथील सदस्यत्वाचा हक्क नव्हता त्यांनीच ती पुन्हा बांधली. याला केवळ पर्यटनाचा व्यवहार म्हणणे अन्यायाचे होईल. सोव्हिएत राजवटीने जे पुसले ते परत आणणे, हा त्या काळी स्वातंत्र्याचाच एक उच्चार होता.

१९६४ च्या व्हेनिस सनदेने, मूळचे सुटे झालेले भाग पुन्हा जोडण्यापलीकडील सर्व पुनर्बांधणी नाकारली होती. २००० मध्ये याच शहरात रीगा सनद तयार झाली. वारशाची प्रतिकृती ही सर्वसाधारणपणे भूतकाळाच्या पुराव्याचे विपर्यस्त चित्र ठरते, हे तिने मान्य केले; परंतु आपत्तीत नष्ट झालेल्या असाधारण महत्त्वाच्या वास्तूस, पुरेसा कागदोपत्री पुरावा व खुली चर्चा असल्यास, अपवाद दिला. प्रस्तुत लेखकास हा अपवाद रास्त वाटतो. ब्लॅकहेड्स भवनाची जुनी छायाचित्रे होती, प्रतीकात्मक महत्त्वही होते. हरकत पुनर्निर्मितीला नाही, तिच्या स्वतःविषयीच्या निवेदनाला आहे.

ही हरकत किती गंभीर आहे, हे शेजारी व थोड्या अंतरावर पाहिल्यास कळते. भवनाला लागूनच १९७१ मध्ये उभारलेली सोव्हिएतकालीन काळपट इमारत आहे. ती लाल रायफलधाऱ्यांच्या संग्रहालयासाठी बांधली गेली. आता तीत ‘लाटव्हियाच्या पारतंत्र्याचे संग्रहालय’ आहे. ज्या कालखंडाला दर्शनी भिंतीने वगळले तोच तिच्या शेजारी नांदतो आहे. आणि गोगोल रस्त्यावर महान कोरल सिनेगॉगची जागा आहे. हे ज्यू प्रार्थनास्थळ ४ जुलै १९४१ रोजी, म्हणजे भवन जळाल्यानंतर आठवड्याभरात, जाळण्यात आले. ते पुन्हा उभे राहिले नाही. तेथे भिंतींचे अवशेष व स्मारक आहे. त्या समाजाचीच जवळजवळ सर्व माणसे मारली गेली होती, त्यामुळे प्रतिकृती उभारणे तेथे कदाचित अशोभनीयच ठरले असते. तथापि एकाच शहरात, एकाच आठवड्यातील दोन आगींना मिळालेली ही दोन उत्तरे एकत्र वाचल्याखेरीज यापैकी कोणतेही एक नीट वाचता येत नाही. पाहणारा चौकातून परत फिरला, तर त्याला पहिलेच तेवढे माहीत राहते.

म्हणून सूचना साधी आहे. त्या लॅटिन ओळीत १९४१ आणि १९४८ हे आणखी दोन सन कोरावेत आणि ‘रेनोव्ह.’ ऐवजी पुनर्बांधणी दर्शविणारा शब्द घालावा. भिंतीवर तेवढी जागा आहे.